रायगड किनाऱ्यावरील बिळवासी चिखल-कोळंबीची ओळख व वर्गीकरण : एक चिकित्सक विचार

बीजशब्द : चिखल-कोळंबी, दशपाद कवचधारी, वर्गीकरण, संदर्भनमुना, रायगड किनारा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याचा किनारा उत्तरेस उरणपासून दक्षिणेस बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांमधून अंबा, कुंडलिका, सावित्री अशा नद्यांचा गाळ समुद्राकडे येतो. ओहोटीच्या वेळी या गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. वरवर पाहता हा चिखल निर्जीव वाटतो. परंतु त्यावर असंख्य छिद्रे, लहान नरसाळ्यासारखे खळगे आणि मातीचे उंचवटे दिसतात. त्यांपैकी काही खेकड्यांची बिळे असतात, काही निवट्यांची, तर काही ज्या प्राण्याची असतात तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो प्राणी म्हणजे बिळवासी चिखल-कोळंबी होय.

चिंबोरी, निवटी, खुबे यांना बाजार आहे, त्यामुळे त्यांना नाव आहे आणि त्यांची माहितीही आहे. चिखल-कोळंबीला आपल्याकडे असा बाजार नाही. तिचा उल्लेख आढळतो तो मुख्यतः तळजीवांच्या यादीत, एका ओळीपुरता. प्रस्तुत लेखाचा हेतू नवी जाती जाहीर करणे हा नाही. या एका ओळीत लिहिलेले नाव कशाच्या आधारावर उभे असते, ते पुन्हा तपासता येते काय, आणि येत नसेल तर त्याने काय बिघडते, याची चिकित्सा करणे एवढाच येथे हेतू आहे. हे नियतकालिक विविध विद्याशाखांच्या वाचकांचे असल्यामुळे पारिभाषिक संज्ञा शक्य तेथे उलगडून सांगितल्या आहेत. ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द मराठी विज्ञानलेखनातील रूढीप्रमाणे वापरले आहेत. म्हणजे अनेक जाती मिळून एक प्रजाती, आणि अनेक प्रजाती मिळून एक कुल.

‘चिखल-कोळंबी’ हा गट आणि नावाची पहिली अडचण

इंग्रजीतील ‘मड श्रिम्प’, ‘घोस्ट श्रिम्प’ आणि ‘मड लॉब्स्टर’ या नावांवरून हे प्राणी कोळंबी किंवा शेवंड यांच्या जवळचे असावेत, असा समज होतो. तो बरोबर नाही. ते दशपाद कवचधारी आहेत, एवढाच कोळंबीशी त्यांचा संबंध होय. बिळात राहण्याच्या सवयीमुळे त्यांचे कवच बहुधा पातळ, उदर लांब आणि डोळे लहान झालेले असतात. थॅलासिना ही प्रजाती मात्र जाड कवचाची असून ती शेवंडाची आठवण करून देते.

दीर्घकाळ या सर्व प्राण्यांना ‘थॅलासिनिडिया’ या एकाच गटात ठेवले जात असे. सगळे बिळात राहतात, सगळ्यांची ठेवण सारखी दिसते, म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक, असा हा युक्तिवाद होता. या युक्तिवादाला पहिला धक्का प्रौढ प्राण्यांनी नव्हे, तर त्यांच्या अळ्यांनी दिला. रॉबर्ट गर्नी यांनी १९३८ मध्ये अळ्यांचा अभ्यास करताना त्या दोन वेगळ्या धर्तीच्या असल्याचे दाखवले. पुढे १९७९ मध्ये मिशेल द सँ लोराँ यांनी या गटाची अ‍ॅक्सिडिया आणि गेबिडिया अशी विभागणी केली. २००९ मध्ये राफाएल रोब्लेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे ही विभागणी उचलून धरली. आज हे दोन स्वतंत्र अधोगण मानले जातात. याचा अर्थ असा की बिळात राहण्याची सवय आणि तिला साजेशी शरीरयष्टी या दोन वंशशाखांत वेगवेगळी घडून आली. सारखेपणा नात्याचा नव्हता. तो सारख्या घराचा होता.

असे असूनही ‘थॅलासिनिडिया’ हे शीर्षक नंतरच्या याद्यांतही सवयीने वापरले जाते. केवळ जुना शब्द राहिला म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार अशी की, या शब्दाखाली ज्यांची नोंद होते ते प्राणी चिखलात एकमेकांच्या उलट कामे करीत असू शकतात. गेबिडियातील उपोगेबिया ही बहुधा यू किंवा वाय अक्षराच्या आकाराच्या, घट्ट भिंतींच्या बिळात राहून उदरपादांच्या हालचालीने पाणी आत ओढते आणि त्यातील कण गाळून खाते. अ‍ॅक्सिडियातील कॅलियानासासारखे प्राणी मात्र पुष्कळदा गाळच उपसतात, त्यातील सेंद्रिय द्रव्य खातात आणि उरलेली माती वर टाकतात. पहिला प्राणी पाण्यातील अन्न तळाशी नेतो, तर दुसरा तळ उलथून पाण्यात मिसळतो. दोघांना एका ओळीत टाकणारी यादी त्या चिखलाविषयी फारसे काही सांगत नाही.

महाराष्ट्रातील पायाभूत लेखन : १९७१ चा लेख

भारतीय किनाऱ्यावरील दशपादांच्या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. स्टॅन्ली केम्प यांनी १९१५ मध्ये चिलिका सरोवरातील दशपादांवर केलेले काम या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. महाराष्ट्रापुरते पाहता, के. एन. संकोल्ली यांचा ‘द थॅलासिनॉइडिया (क्रस्टेशिया, अ‍ॅनोम्युरा) ऑफ महाराष्ट्र’ हा लेख पायाभूत मानावा लागतो. तो जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ६८ व्या खंडात १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या लेखात त्यांनी कॅलियानासा (कॅलिकायरस) केवलरामानी या जातीचे वर्णन केले.

या लेखाचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. एक म्हणजे, परदेशी मोहिमांनी गोळा केलेल्या नमुन्यांवर विसंबून न राहता येथील किनारा हाच अभ्यासाचा विषय मानला गेला. दुसरे म्हणजे, एका अवघड आणि बाजारमूल्य नसलेल्या गटाला स्वतंत्र लेखाचा विषय करण्यात आले. हे श्रेय देऊनच पुढील मुद्दा मांडला पाहिजे. कोणताही वर्गीकरणविषयक लेख आपल्या काळाच्या चौकटीत लिहिला जातो, आणि संकोल्ली यांच्या लेखाचे शीर्षकच ती चौकट सांगते. चिखल-कोळंबी त्या वेळी ‘अ‍ॅनोम्युरा’त, म्हणजे शंखवासी खेकड्यांच्या गटात गणली जात होती. आज ती तेथे नाही. लेखात कंसात, म्हणजे उपप्रजाती म्हणून आलेले ‘कॅलिकायरस’ हे नाव आज स्वतंत्र प्रजातीचे आहे. गॅरी पूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात तर त्यावरून ‘कॅलिकायरिडी’ या स्वतंत्र कुलाला नाव मिळाले आहे. जुन्या कॅलियानासा प्रजातीतील अनेक जाती आता निरनिराळ्या प्रजातींत, काही तर निरनिराळ्या कुलांत गेल्या आहेत.

यात संकोल्ली यांचा दोष नाही. दोष आहे तो १९७१ चे नाव जसेच्या तसे उचलून आपल्या यादीत ठेवणाऱ्या नंतरच्या लेखनाचा. जुने वर्णन हा पुरावा असतो. जुने नाव हा त्या पुराव्यावर त्या काळी काढलेला निष्कर्ष असतो. आपल्याकडे बहुधा निष्कर्ष उचलला जातो आणि पुरावा मागेच राहतो.

कंस, जिल्हा आणि अशाच लहान गोष्टी

वर्गीकरणात लहान वाटणाऱ्या खुणांना मोठा अर्थ असतो. थॅलासिना अनोमला या जातीचे पूर्ण नाव लिहिताना पुढे कंसात ‘हर्ब्स्ट, १८०४’ असे लिहितात. हा कंस शोभेचा नाही. हर्ब्स्ट यांनी या प्राण्याचे वर्णन केले तेव्हा ही प्रजाती अस्तित्वात नव्हती. लात्रेय यांनी ती १८०६ मध्ये स्थापन केली. मूळ वर्णन दुसऱ्या प्रजातीखाली झाले होते, हे तो कंस सांगतो. टंकलेखनात कंस गळला की एक ऐतिहासिक विधान चुकीचे ठरते.

स्थळनामांचेही तसेच आहे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जाई. मुंबई शहराच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच म्हणतात, आणि अलिबागसमोरचा किल्लाही कुलाब्याचाच. एखाद्या जुन्या बाटलीवरील चिठ्ठीवर केवळ ‘कुलाबा’ एवढेच लिहिलेले असेल, तर नमुना मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरचा, अलिबागचा की जिल्ह्यातील कोणत्या तरी खाडीतला, हे सांगता येत नाही. आपणही आज ‘उरण’ एवढेच लिहितो तेव्हा पुढच्या अभ्यासकासाठी तेच कोडे तयार करून ठेवतो. उरण तालुक्यात खडक आहे, वाळू आहे, तिवरांचे खाजण आहे आणि उघडा चिखलही आहे. बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत त्यांतील नेमके कोणते, हीच निम्मी माहिती असते.

ओळख पटवताना लक्षणांची निवड

चिखल-कोळंबीची ओळख अनेकदा तिच्या मोठ्या नांगीवरून केली जाते. नांगी ठळक असते, छायाचित्रात चांगली दिसते आणि बिळाजवळ तुटून पडलेलीही सापडते. परंतु कॅलियानासासारख्या प्राण्यांत दोन नांग्या असमान असतात. मोठी नांगी कधी डावी तर कधी उजवी असते. नराची व मादीची नांगी सारखी नसते. आणि तुटलेली नांगी पुन्हा वाढताना मूळ रूपात असेलच असे नाही. म्हणजे सर्वांत ठळक लक्षण हेच सर्वांत अस्थिर लक्षण आहे.

येथे प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. विद्यार्थ्यांसमवेत खाडीकाठी केलेल्या एका पाहणीत फावड्याने उकरताना एक प्राणी मिळाला. त्याची एक नांगी आधीच तुटलेली होती. उरलेली नांगी बरीच मोठी दिसली, म्हणून नोंदवहीत ‘कॅलियानासाची एक जाती’ असे लिहिले गेले. काही दिवसांनी एका विद्यार्थिनीने विचारले की, हा प्राणी कॅलियानासा असेल तर त्याच्या दुसऱ्या पायाला नांगी का नाही? प्रश्न अचूक होता. अ‍ॅक्सिडियात पायांच्या पहिल्या दोन्ही जोड्यांना पूर्ण नांगी असते. गेबिडियात दुसऱ्या जोडीला ती नसते, पाय साधा असतो किंवा नांगी अर्धवट असते. आमचा प्राणी उपोगेबियाच्या बाजूचा होता. चूक जातीची नव्हती, प्रजातीचीही नव्हती. ती अधोगणाची होती. सुदैवाने प्राणी बाटलीत होता, म्हणून ती सापडली.

या अनुभवावरून लक्षणांचा क्रम कसा असावा, हे स्पष्ट होते. प्रथम दुसऱ्या पायाची जोडी पाहावी व अधोगण ठरवावा. नंतर पहिल्या जोडीच्या नांग्या समान आहेत की असमान, आणि शेपटीचा पंखा कसा आहे, ते पाहावे. उपोगेबियात हा पंखा रुंद असतो, तर थॅलासिनात त्याची उपांगे काडीसारखी अरुंद असतात. त्यानंतर कपाळावरील तुंड, त्यावरील काटे व केस, उदरपाद, मुखांगे यांकडे वळावे. नांगीचे दाते व आकार यांचा विचार शेवटी, आणि तोही नर व मादी वेगळे करूनच करावा. बिळाच्या आकारावरून केलेली ओळख ही ओळख नसून अंदाज होय, हेही नमूद केले पाहिजे.

एका नावाखाली अनेक जाती

थॅलासिनाचे उदाहरण आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हा प्राणी खाजणाच्या वरच्या भागात खोल बिळे करतो आणि उपसलेल्या मातीचे वारुळासारखे ढीग रचतो. तो मुख्यतः रात्री बाहेर येतो, त्यामुळे ढीग सर्वांना माहीत आणि प्राणी कोणाला नाही, अशी स्थिती असते. बराच काळ हिंद व पश्चिम प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरील जवळजवळ प्रत्येक थॅलासिनाला ‘अनोमला’ म्हटले जाई. २००९ मध्ये न्गॉक-हो आणि द सँ लोराँ यांनी या प्रजातीची पुनर्तपासणी करून त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे दाखवले.

या पुनर्तपासणीचा आपल्यासाठी अर्थ काय? २००९ पूर्वीची ‘थॅलासिना अनोमला’ ही नोंद चूक ठरली, असे नाही. ती अनिर्णित झाली. ज्या नोंदीमागे जपून ठेवलेला नमुना आहे, तेथे कपाट उघडून नवी लक्षणे पडताळता येतात. जेथे नमुना नाही, तेथे ती नोंद ‘थॅलासिनाची कोणती तरी जाती’ एवढ्यावर घसरते आणि कितीही परिश्रम केले तरी वर येत नाही.

डी.एन.ए. पट्टिकेमुळे, म्हणजे जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून जाती ओळखण्याच्या पद्धतीमुळे, हा प्रश्न सुटला असे काहींना वाटते. ही पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. तुटका प्राणी किंवा अळीही तिने ओळखता येऊ शकते. परंतु तुलनेसाठी जो संदर्भक्रम वापरायचा, त्यावर नाव कोणी तरी लक्षणे पाहूनच लिहिलेले असते. ते नाव चुकीचे असेल, तर यंत्र तीच चूक अधिक आत्मविश्वासाने परत देते. शिवाय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याची प्रथा आहे आणि फॉर्मॅलिनमुळे डी.एन.ए.ची हानी होते. नमुन्याचा एखादा पाय तरी आधीच तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवला नसेल, तर पुढे ही वाट अवघड होते.

नमुना नसलेले नाव

येथवरच्या विवेचनाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : ज्या नावामागे पुन्हा पाहता येईल असा प्राणी नाही, ते नाव माहिती नसून मत आहे. मत बरोबरही असू शकते. पण ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते शास्त्रीय नोंदीत बसत नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार निर्धारित संग्रहालयांची तरतूद आहे, आणि नवी जाती शोधणाऱ्याने तिचा नमुना अशा संग्रहालयात जमा करणे बंधनकारक आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण ही प्राण्यांसाठीची अशी संस्था होय. नव्या जातीसाठी जे बंधन आहे, तेच जुन्या जातीच्या स्थानिक नोंदीसाठी आपण स्वेच्छेने का स्वीकारू नये? आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीनेही नव्या जातीचा आदर्श नमुना स्पष्टपणे नेमण्याची अट घातली आहे. दोन्ही नियमांमागचे तत्त्व एकच आहे : शब्दापेक्षा वस्तू श्रेष्ठ.

परदेशातील एक उदाहरण या तत्त्वाची किंमत दाखवते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील उपोगेबियाच्या कल्ल्यांजवळ राहणाऱ्या एका परजीवी समपादाचे वर्णन मार्कहॅम यांनी २००४ मध्ये ऑर्थिओन ग्रिफेनिस या नावाने नवी जाती म्हणून केले. पुढे तो प्राणी मूळचा आशियाई किनाऱ्यावरचा, बाहेरून आलेला असल्याचे लक्षात आले. दरम्यान तेथील उपोगेबियाची संख्या अनेक खाड्यांत झपाट्याने घटली होती. जपून ठेवलेले नमुने होते म्हणूनच दोन्ही किनाऱ्यांवरील परजीवींची तुलना करता आली. उद्या आपल्या बंदरांत जहाजांच्या भारपाण्यातून असे काही आले, तर तुलना कशाशी करणार?

प्राणी बदलला की नाव बदलले?

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले आणि पुढे विस्तारत गेले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजा-३ या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीपासून न्हावा-शेवा परिसरापर्यंतचा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला; त्याच्या दोन्ही टोकांना चिखलाचे पट्टे आहेत. अशा प्रत्येक घटनेच्या आधी आणि नंतर तळजीवांची तुलना करावी, अशी अपेक्षा असते.

आता कल्पना करावी की, आधीच्या यादीत ‘कॅलियानासा’ आहे आणि नंतरच्या यादीत ‘उपोगेबिया’. चिखलात खरोखर बदल झाला काय? गाळ उपसणारा प्राणी जाऊन पाणी गाळणारा प्राणी आला काय? की दुसऱ्या अभ्यासकाने दुसरा पाय पाहिला आणि पहिल्याने पाहिला नव्हता? दोन्ही बाजूंचे नमुने नसतील, तर या प्रश्नाला उत्तर नाही. नुकसान झाले असे सिद्ध करता येत नाही आणि झाले नाही असेही नाही. अशा वेळी यादी कोणाचेच रक्षण करीत नाही. ना चिखलाचे, ना त्या चिखलावर पोट असलेल्या कोळी-आगरी कुटुंबांचे.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. चिखल-कोळंबीच्या नोंदीत ‘थॅलासिनिडिया’ ऐवजी अ‍ॅक्सिडिया वा गेबिडिया असा अधोगण लिहावा आणि तो दुसऱ्या पायाच्या लक्षणावरून ठरवावा. जुनी नावे उद्धृत करताना मूळ वर्णन वाचून सध्याच्या वर्गीकरणाशी पडताळावे. प्रत्येक नोंदीमागे किमान एक नर व एक मादी, शक्य तेथे अभंग स्थितीत, क्रमांकासह जपून ठेवावी. फावड्याऐवजी हातपंपाने उपसा केल्यास अभंग प्राणी मिळण्याची शक्यता वाढते. चिठ्ठीवर गाव, खाडी, तळाचा प्रकार, भरतीरेषेपासूनची जागा आणि दिनांक असावा. खाजणात जाण्यापूर्वी संबंधित यंत्रणेची परवानगी घ्यावी. आणि जेथे जातीपर्यंत पोहोचता येत नाही, तेथे प्रजातीवर किंवा कुलावर थांबावे. अपुरे पण खरे नाव हे पूर्ण पण निराधार नावापेक्षा अधिक उपयोगी असते.

यांतील कोणतीही गोष्ट मोठ्या निधीची वाट पाहणारी नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयाजवळ सूक्ष्मदर्शक आहे, काचेच्या बरण्या आहेत आणि चिखल ओळखणारे विद्यार्थी आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या घरचे लोक ओहोटीला याच खाडीत उतरतात. बरणीवरील चिठ्ठी नीट लिहिण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखाकडे आज आपण जसे पुरावा शोधत जातो, तसा पुढचा अभ्यासक आपल्या बरण्यांकडे येईल. त्या वेळी त्याला नावापाठोपाठ प्राणीही मिळावा, एवढी व्यवस्था करून ठेवणे आपल्या हाती आहे.